पुस्तकातलं सुतक

पुस्तकातलं माणूस मेलं म्हणून आंघोळ करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तीही बहात्तरच्या दुष्काळात, जामखेडला, जेव्हा गावात प्यायला पाणी नव्हतं. आंघोळ डोक्यावरून असायची आणि बादली बहुतेक वेळा माझी असायची.

ती आमची घरमालकीण. आमचे हे एस.टी.च्या कामाला, गाड्या दुरुस्त करायचे. लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही जामखेडला आलो आणि तिच्या घरातली पुढची खोली घेतली. मला आठ महिन्यांची मुलगी होती. घरमालकिणीला सगळा गाव आत्या म्हणायचा, मग मीही आत्याच म्हणू लागले. माझी त्या कुणी लागत नव्हत्या आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला त्या आवडतही नव्हत्या. हाडापेराने मोठ्या, आवाज त्याहून मोठा. दाताला मिश्री लावून उंबऱ्यात बसायच्या आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी विचारायच्या. उत्तर मिळेपर्यंत सोडायच्या नाहीत.

कुठलीही गोष्ट अर्धी ठेवायची नाही, हा त्यांचा हट्ट. ताटात अर्धी भाकरी दिसली की समोर उभ्या राहायच्या. वात अर्धी जळून विझली तर दुसरी लावायच्या नाहीत, तीच पेटवून संपवायच्या. शेजारणीशी एकदा त्यांचं भांडण जुंपलं आणि मध्येच शेजारणीकडे पाहुणे आले. भांडण थांबलं. पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने गेले. गाडी सुटल्याचा आवाज आला तशा आत्या उठल्या, शेजारणीच्या दारात गेल्या आणि जिथे बोलणं तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं. शेजारीण बिचारी विसरूनही गेली होती.

पण त्यांच्या स्वतःच्या घरात एक गोष्ट अर्धी होतीच. त्यांचा नवरा पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बैल विकायला म्हणून बाजाराला गेला तो परत आला नाही. बैलही आले नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. ओढ्यापलीकडे नवऱ्याच्या नावावर जमीन होती, तिच्यात विहीर होती. जमीन दीर कसत होते. सुगीला जोंधळ्याची दोन पोती वहिनीकडे आणून टाकायचे, की झालं. मी एकदा विचारलं, की जमीन स्वतःच्या नावावर का करून घेत नाही. त्या म्हणाल्या, की तलाठ्याकडे जाऊन आले आहे. तलाठी म्हणाला होता, नवरा तरी आणा नाहीतर तो मेला हे तरी आणा, मधलं माझ्या कागदात बसत नाही.

आणि मेला म्हणायची सोय नव्हती, कारण दीर आपल्या भावाला मरू देत नव्हते.

दर दोन-तीन महिन्यांनी ते यायचे. बारीक अंगाचे, गोड बोलणारे, टोपी नेहमी धुतलेली. येताना नारळ आणि कुठला तरी प्रसाद आणायचे. चहा घेतला की सांगायचे, दादाला कुणीतरी पाहिलं. एकदा शिंगणापूरला अवसेच्या दिवशी तेल वाहताना. एकदा नाशकाला बैराग्यांच्या पंगतीत. एकदा कोपरगावला, कारखान्यावर उसाची मोळी उतरवताना. आत्या सगळं नीट ऐकून घ्यायच्या. मग विचारायच्या, कुणी बघितलं, अंगात काय होतं, दाढी होती का, डाव्या पायाने लंगडत होता का. दीर सगळ्याला उत्तर द्यायचे. ते गेले की आत्या आरसा घेऊन बसायच्या आणि कुंकू पुसून नवं लावायच्या, रुपयाएवढं. हळदीकुंकवाला त्यांना पहिलं बोलावणं असायचं. भावकीत एखादी बाई दबकत बोलायची, की इतकी वर्षं झाली, रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायला हवा. दीर ओरडायचे, जित्या भावाला मी अग्नी देऊ का?

त्या वर्षी तर जोंधळ्याची पोतीही आली नाहीत. पिकलंच नाही म्हणाले, ते खरंच होतं. पण विहिरीला पाणी होतं. सगळ्या शिवारात तेवढी एकच विहीर होती जिला तळाला झरा राहिला होता. दिरांची जनावरं आणि लिंबोणीची झाडं तिच्यावर जगली. आत्या आणि मी टँकरच्या रांगेत उभ्या राहायचो. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरी थापल्या की तुटायच्या.

पुस्तक आमच्याकडे आलं ते पोथी म्हणून. ह्यांच्या ओळखीचे एक कंडक्टर होते, नगरच्या गाडीवर. त्यांना सीटवर कुणीतरी विसरलेलं एक बासन सापडलं. लाल कापडात बांधलेलं, जाडजूड. आठ दिवस कुणी मागायला आलं नाही. पोथी जमिनीवर ठेवता येत नाही, तिकिटाच्या पेटीवरही बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी ती आत्यांच्या देवघरासाठी आणून दिली. आत्यांनी बासन न सोडताच हळदकुंकू वाहिलं, फूल नव्हतं म्हणून लिंबाची डहाळी ठेवली आणि मला हाक मारली.

"तू चवथी शिकलीस ना? मंग वाच."

मी कापड सोडलं. वर राजाचं चित्र होतं, त्याच्या हातात मुंडकं. पहिल्या पानावर राजा होता, ऋषी होता, शाप होता, तोवर ठीक. चौथ्या पानावर एक चेटकीण आली आणि तान्ह्या मुलाचं रक्त प्यायली. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आत्या, ही पोथी नाही. ही कादंबरी आहे, भुताखेताची. वरती भाग पहिला असं लिहिलंय.

आत्या म्हणाल्या, "पोथीत राकीस नसत्यात व्हय?"

"असतात. पण ही देवाची नाही."

"आता हळदकुकू वाह्यलंय. अर्दी सोडली तर तुला बी लागंल आन मला बी. वाच म्होरं."

असं ते सुरू झालं. मला वाटलं, एक पुस्तक आहे, महिन्याभरात संपेल. त्याच्या शेवटच्या पानावर छापलं होतं, की राजपुत्र अंधाराच्या दरीत उतरला, पुढे काय झालं ते दुसऱ्या भागात वाचा. आत्यांनी कंडक्टरना बोलावून घेतलं. त्यांनी नगरला भाड्याने पुस्तकं देणारं एक दुकान शोधलं. तिथून कळलं, की एकूण नऊ भाग आहेत.

गोष्ट अशी होती, की एका राज्यावर कायमची रात्र पडली आहे. डोंगराच्या पोटात एक मांत्रिक बसला आहे आणि तो माणसांच्या सावल्या खातो. ज्याची सावली खाल्ली तो मरत नाही, पण जगतही नाही, मांत्रिकाच्या फौजेत चालत राहतो. थोरला राजपुत्र त्याला मारायला निघतो आणि नऊ भाग चालत राहतो. वाटेत जो कुणी चांगला म्हणून भेटेल तो मरणार, हे मला दुसऱ्या भागातच कळलं. आत्यांना ते पटायचं. म्हणायच्या, लिहिणारा खोटं लिहीत नाही, चांगली माणसं अशीच जातात.

दुपारी टँकर येऊन गेला की आम्ही बसायचो. मुलगी पाळण्यात, आत्या सुपात मिलो निवडत, मी उंबऱ्याशी उजेडाला. वाचायचं कसं आणि थांबायचं कुठे, ते त्यांनी ठरवलं होतं. कुणी मेल्यावर थांबायचं नाही. कुणी उपाशी असताना थांबायचं नाही. पुस्तकातलं माणूस जेवलं किंवा निदान टेकलं, की मी कागद घालून पुस्तक मिटायचं. आता त्या पुस्तकात माणसं जेवायची कुठे? पानंच्या पानं लढाई. मुलगी रडून झोपायची, चूल थंड असायची आणि मी कुणीतरी एक घास खावा म्हणून पुढे वाचत राहायचे. एकदा सेनापतीने जंगलात कंदमूळ उकरलं तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच सुस्कारा टाकला.

मेलेल्यांचा हिशेब वेगळा. शत्रूकडचा मेला की आत्या हात धुवायच्या. राजपुत्राकडचा साधा शिपाई मेला की पाय धुवायच्या. आणि ज्याने राजपुत्राच्या आईच्या, राणीच्या हातचं खाल्लं होतं तो घरातला धरायचा आणि त्याच्यासाठी डोक्यावरून आंघोळ. राजपुत्राचा घोडा मेला तेव्हा त्यांनी बराच विचार केला. आंघोळ केली नाही, पण रात्री भाकरी खाल्ली नाही.

मी म्हटलं, आत्या, ही माणसं झालीच नाहीत कधी. छापलेली आहेत.

"नावं हायती ना? मंग मेल्यावर कुनीतरी पानी घ्याया नगं? तितं तर समदी लढाईत. कुनाला सवड हाय?"

राणी मेली सहाव्या भागात. त्या दिवशी टँकर आला नव्हता. माझ्याकडे मुलीसाठी झाकून ठेवलेली एक बादली होती. मी वाचून पुस्तक मिटलं, मुलीला घेऊन मागच्या अंगणात गेले, परत येते तर बादली पालथी आणि आत्या ओल्या केसांनी तुळशीपुढे. मी इतकी बोलले, की शेजारीण बाहेर आली. म्हटलं, माझ्या जित्याजागत्या पोरीचं पाणी तुम्ही कागदाच्या राणीवर घातलंत. तुम्हाला पोरबाळ असतं तर कळलं असतं. हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तेव्हा तसं वाटलं नाही, आताही वाटत नाही. पाण्याचा प्रश्न होता.

आत्यांनी ओले केस गुंडाळले. हंडा घेऊन निघाल्या, ओढा ओलांडून दिरांच्या विहिरीवर गेल्या. तास-दीड तासाने रिकामा हंडा घेऊन परत आल्या. दीर घरी नव्हते आणि जावेने दोर दिला नाही, म्हणाली ह्यांना विचारल्याशिवाय देता येत नाही. मग आत्यांनी तीन घरी मागून लोटा-लोटा पाणी आणलं आणि माझी बादली भरून दिली. मी चार दिवस वाचलं नाही. पाचव्या दिवशी मीच पुस्तक काढलं. राणी नुकतीच मेली होती, राजपुत्राला अजून माहीत नव्हतं, आणि मलाही चटक लागली होती. ते का नाकारू?

दिरांना ह्या वाचनाची गंमत वाटायची. एकदा मध्येच आले, थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "वैनी, ह्या वयात भुताच्या गोष्टी? दादा आला म्हंजी काय म्हनंल?"

आत्या म्हणाल्या, "येऊ तर द्या. त्याला बी पयल्यापासनं वाचून दाखवू."

नववा भाग मिळेना. दुकानदार म्हणाला, कुणीतरी नेला आहे आणि परत करत नाही. आत्या रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन नगरच्या गाडीपुढे उभ्या राहायच्या. कंडक्टर लांबूनच मान हलवायचे. आत्यांचं जेवण कमी झालं. मला म्हणायच्या, राजपुत्राला मांत्रिकाच्या दारात सोडून आपण भाकरी खातोय. दीर त्याच सुमारास आले होते आणि दादाला पुन्हा शिंगणापूरला पाहिल्याचं सांगून गेले. पहिल्यांदाच आत्यांनी अंगात काय होतं ते विचारलं नाही. त्यांचं सगळं लक्ष नवव्या भागात.

शेवटी पुस्तक आलं. मागचं पुठ्ठ्याचं पान नव्हतं, पण गोष्ट पुरी होती. आम्ही ती सहा-सात दुपारी वाचली. शेवटी राजपुत्र मांत्रिकाला मिठी मारून खोल भुयारात उडी घेतो. वरून डोंगर बसतो. सावल्या सुटतात, मेलेली फौज जमिनीवर पडते, आणि सूर्य उगवतो. लोक भुयाराच्या तोंडाशी तीन दिवस बसतात. राजपुत्र बाहेर येत नाही. मग लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलं होतं, की पुढे राज्य सुखी झालं, आणि अजूनही अमावस्येला कुणाकुणाला राजपुत्र डोंगरवाटेवर दिसतो, असं लोक सांगतात.

मी पुस्तक मिटलं. आत्यांच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"शेवटचं परत वाच."

मी परत वाचलं.

"कुनी बघितला?"

"नाव नाही दिलं. लोक सांगतात, एवढंच आहे."

"आंगात काय हुतं?"

"नाही लिहिलं."

"दाडी?"

"नाही हो आत्या. दिसतो, असं लोक सांगतात. संपलं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "लोक सांगत्यात म्हंजी गेला त्यो. जिता असता तर घरी आला असता. सांगाया लोक कशाला लागत्यात?"

त्या उठल्या, स्वतःच्या रांजणात वाकून पाहिलं. तळाशी होतं तेवढं पाणी उपसून न्हाणीत नेलं. मी मनात म्हटलं, झालं, राजपुत्राचीही आंघोळ झाली, आता तरी सुटलो. त्या बाहेर आल्या तेव्हा कपाळ कोरं होतं. मला वाटलं, लावायचं राहिलं असेल. मी आरसा पुढे केला. त्यांनी तो पालथा ठेवला.

"भावजींच्या घरी जा. म्हनावं, तुमचा भाऊ गेला. आंगुळ करून घ्या."

मी विचारलं, "आत्या, आंघोळ केलीत ती कुणाची? राजपुत्राची ना?"

"दोगांची बी," त्या म्हणाल्या.

मी मुलीला कडेवर घेतलं आणि गेले. वाटेत भावकीतले एक म्हातारे चुलते भेटले, नव्वदीचे, काठीवर. कुठे निघालीस विचारलं, मी निरोप सांगितला. त्यांनी जागीच टोपी काढली. असला निरोप कानावर आला, की भावकीतल्या माणसाला डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय तोंडात घोट घेता येत नाही. खरं-खोटं मागाहून, आधी आंघोळ. आमच्याकडे ही रीत पक्की होती, अजूनही आहे. म्हाताऱ्याने मुलाला सांगितलं, मुलाने पुढच्या घरात. मी ओढा ओलांडेपर्यंत निरोप माझ्यापुढे गेला होता.

आता आंघोळ करायची तर पाणी कुठे? सगळ्या भावकीला ठाऊक असलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं. माणसं बादल्या, कळशा, जे हाताला लागेल ते घेऊन दिरांच्या विहिरीवर जमली. दीर मध्ये उभे राहून ओरडत होते, की हे खोटं आहे, दादा जिवंत आहे, त्यांनी परवाच बातमी आणली आहे.

म्हातारे चुलते म्हणाले, "आसंल. पर कानावर आलंय. तू दोर सोड."

दोर न देऊन करतील काय? सुतकाची आंघोळ अडवली असती तर जन्मात कुणी त्यांच्या दारात पाय ठेवला नसता. लोक एकेक करून पाणी घेऊ लागले. तेवढ्यात आत्या आल्या. पांढरं लुगडं नव्हतंच त्यांच्याकडे, रोजचंच हिरवं होतं, पण कपाळ सगळ्यांनी पाहिलं.

दीर धावून आले. "कुनी सांगितलं, वैनी? कुटून आली बातमी?"

"वाचन्यात आलं," आत्या म्हणाल्या.

म्हातारे चुलते माझ्याकडे वळले. "पोरी, तू वाचती ना त्यांना? वाचलंस तू?"

"हो," मी म्हटलं. "शेवटपर्यंत वाचलं."

मी वाचलं होतंच. काय वाचलं ते कुणी विचारलं नाही.

दिरांची बायको पदर खोचून पुढे झाली आणि तिने दोन बादल्या अंगावर घेतल्या. मग तिने नवऱ्याला सांगितलं, की तुम्ही न्हाल्याशिवाय घरात यायचं नाही, पोरं उपाशी आहेत. दीर विहिरीच्या काठावर एकटे कोरडे राहिले. सगळी भावकी ओल्या अंगाने त्यांच्याकडे पाहत उभी. दादा जिवंत आहे असं ते आणखी एकदा म्हणाले, हळू. शेवटी त्यांनी टोपी काढून दगडावर ठेवली आणि म्हाताऱ्याने भरून दिलेली बादली डोक्यावर ओतली.

पाणी अंगावर घेतलं म्हणजे भाऊ मेला हे कबूल केलं, गावासमोर. तलाठ्याला आणखी काय हवं होतं? ते सगळ्यांना कळलं, दिरांनाही कळलं. ते तसेच उभे राहिले, पाणी गळत. मग मला न वाटलेली गोष्ट त्यांनी केली. आत्यांकडे पाहून लहान पोरासारखं विचारलं,

"वैनी, खरंच गेला का वो दादा?"

"तुमीच सांगा की भावजी. तुमी बघितला हुता शिंगनापूरला."

"म्या कुटं बघितला," ते म्हणाले. "कुनीच बघितला न्हाई. बाजारला गेला त्या दिसापासनं कुनीच न्हाई बघितला."

ते खाली बसले. रडत असावेत, पण तोंड आधीच ओलं होतं, सांगता आलं नसतं. आत्या त्यांच्याजवळ गेल्या नाहीत. दोराला स्वतःचा हंडा बांधला आणि विहिरीत सोडला. भरलेला हंडा वर ओढायला मी हात लावला, तर म्हणाल्या, "राहू दे, मला येतोय."